भाजीवाला एडिसन

पहाटेचे साडेतीन वाजलेले. आपल्या हॉस्टेलवर या वेळेला सबमिशनवाले सोडले तर सगळे गाढ झोपलेले असतात. पण वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये, भाजीपाल्याच्या बाजारात, तेव्हा भर दुपारसारखी गर्दी असते. नाशिक, जुन्नर, साताऱ्याकडून आलेले ट्रक-टेम्पो लागलेले, डोक्यावर पोती घेतलेले माथाडी कामगार वाट काढत पळतायत आणि गाळ्यागाळ्यावर भाव चाललेत. दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टाने मामाबरोबर तिथे गेले होते. मामाचा तिथे पालेभाजीचा गाळा आहे.

साडेतीनला कोथिंबिरीच्या जुडीला जो भाव होता तो सहा वाजता उतरला. आठला अजून उतरला. नऊच्या सुमारास उरलेला ढीग मामाने जवळजवळ फुकट देऊन टाकला आणि जो कुणीच नेला नाही तो कचऱ्याच्या गाडीत गेला. मला फार वाईट वाटलं, मामा मात्र शांत होता. त्याचं म्हणणं असं की पालेभाजीला बसायला जागा नसते. कांदा चाळीत चार-सहा महिने बसतो आणि भाव आला की बाहेर येतो. कोथिंबीर आली त्याच दिवशी गेली पाहिजे, नाहीतर तिची माती.

दहाच्या पुढे आम्ही घरी निघालो. मामाने गेल्या वर्षी विजेवरची गाडी घेतलीय. घर पनवेलच्या पुढे, छोटं रो-हाऊस, आणि गच्चीवर तीन किलोवॅटची सोलर पॅनल्स. गाडी चालवता चालवता त्याने मला एक प्रश्न टाकला. दुपारी घरात लागते त्यापेक्षा जास्त वीज गच्चीवर तयार होते आणि ती बाहेर ग्रीडला जाते. गाडी तर त्या वेळी दारातच उभी असते. मग उरलेली वीज सरळ गाडीत भरायची, की ती साठवायला वेगळी बॅटरी घ्यायची? कुणीतरी त्याला लाखाच्या वरची बॅटरी गळ्यात मारायला बघत होतं. मी इलेक्ट्रिकलला आहे म्हटल्यावर मला हे येत असणार, अशी त्याची बिचाऱ्याची समजूत.

मला उत्तर आलं नाही. फॉर्म्युले आठवले, पण उत्तर नाही. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून मी विजेच्या गाड्यांचा इतिहास काढला, आणि दर दुसऱ्या पानावर एकच माणूस भेटायला लागला. थॉमस अल्वा एडिसन!

माझ्या शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात एडिसन होता. तुमच्याही असेल. त्या धड्यात आगगाडीतली प्रयोगशाळा होती, बल्ब होता आणि चिकाटी होती. पण या माणसाने आपल्या आयुष्याची दहा वर्षं नेमकी मामाच्या प्रश्नात घातली, हे त्यात कुठेच नव्हतं. आणि तो लहानपणी भाजी विकायचा, हेही नव्हतं. म्हणून हा लेख.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. सात भावंडांत सर्वांत धाकटा. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरन गावी हललं. शाळेशी त्याचं जमलं नाही. थोडेच दिवस शाळा झाली आणि मग आईनेच घरी शिकवलं. ती आधी शिक्षिका होती. घरामागच्या जमिनीत तो एका मित्राबरोबर भाजीपाला पिकवायचा आणि गाडीवर घालून गावात विकायचा. पैसे आईला द्यायचा. भर उन्हात मका खुरपणं मात्र त्याला अजिबात आवडायचं नाही. (उन्हाचा हा राग पुढे लक्षात ठेवा.)

बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत पेपर आणि गोळ्या-चॉकलेट विकायला लागला. गाडीतली प्रयोगशाळा तेव्हाचीच. पण त्याच काळात त्याने आपल्या गावात दोन दुकानंही काढली होती, एक मासिकांचं आणि दुसरं भाजी, लोणी आणि फळांचं. डेट्रॉइटच्या बाजारात चांगला माल मिळायचा. तो सकाळी भाजीच्या दोन मोठ्या टोपल्या टपालाच्या डब्यात चढवून गावी पाठवायचा, तेही भाडं न देता! म्हणजे घाऊक बाजार, वाहतूक आणि संध्याकाळच्या आत माल संपवणं, हे सगळं या मुलाने पंधरा वर्षांचा व्हायच्या आत केलं होतं. मामाला हे सांगितलं तेव्हा एडिसनबद्दलचं त्याचं मत एकदम चांगलं झालं.

मग तो तार खात्यातलं काम शिकला. एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली येता येता वाचवलं आणि त्याबद्दल त्या वडिलांनी त्याला तारयंत्र शिकवलं. तोपर्यंत त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, पण तारयंत्राची टिकटिक कळायची. १८६९ साली त्याला पहिलं पेटंट मिळालं, मतं मोजणाऱ्या यंत्राचं. यंत्र उत्तम चालायचं आणि ते कुणालाच नको होतं, कारण मतमोजणी पटकन व्हावी अशी राजकारणी लोकांची इच्छाच नव्हती. त्यानंतर त्याने ठरवलं की ज्याला गिऱ्हाईक आहे त्याच्याच मागे लागायचं. आपल्या प्रोजेक्ट गाईडनी हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८७६ साली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली कार्बनच्या तंतूचा दिवा. दिव्यावर त्याच वेळी इंग्लंडमध्ये जोसेफ स्वानही काम करत होता, हेही सांगायला पाहिजे. पण माझ्या मते एडिसनचं मोठं काम दिवा हे नाहीच. ४ सप्टेंबर १८८२ ला त्याने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. डायनॅमो, जमिनीखालून केबल, फ्यूज, मीटर, सगळी साखळी त्याने उभी केली. सुरुवातीला दिवे जेमतेम चारशे.

आणि इथेच तो विजेच्या पालेभाजीपणाला भिडला. वीज तयार झाली त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. दिवे संध्याकाळी लागायचे, म्हणजे दिवसा एवढी मोठी यंत्रं जवळजवळ रिकामी. मालाला उठाव तेवढ्याच वेळात. साठवायची सोय म्हणजे शिसं आणि गंधकाम्ल असलेली लेड-ॲसिड बॅटरी. ती जड, लवकर खराब होणारी, आणि त्या काळात एडिसनचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

मध्ये एक प्रकरण आहे जे धड्यात नसतं. एडिसनची वीज डीसी. ती लांब नेली की तारेत वाया जायची. वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांची वीज एसी. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवून ती मैलोगणती नेता यायची. एडिसन ऐकायला तयार झाला नाही. एसी किती धोकादायक आहे हे दाखवायला जनावरांना शॉक देऊन मारण्याचे प्रयोग झाले, आणि ते करणाऱ्याला एडिसनच्या प्रयोगशाळेची मदत होती. शेवटी १८९२ साली त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गळला. १८९६ साली नायगाराची वीज एसी होऊन बफेलो शहरात पोचली. हरला तो. आणि हरला म्हणून वाईट वाटू नये, असं तो वागलाही होता.

त्यानंतर त्याने न्यू जर्सीत लोखंडाचं खनिज चुंबकाने वेगळं करायचा कारखाना काढला. वीस लाख डॉलरच्या वर पैसा त्यात गेला. तेवढ्यात दुसरीकडे स्वस्त आणि उत्तम खनिज सापडलं आणि कारखाना बंद. वय बावन्न. बाकीचे लोक या वयात रिटायरमेंटचा हिशोब करतात. एडिसन बॅटरीकडे वळला.

१९०० च्या सुमाराला अमेरिकेत वाफेवरच्या, पेट्रोलवरच्या आणि विजेवरच्या अशा तिन्ही गाड्या रस्त्यावर होत्या. त्या एका वर्षात तिथे तयार झालेल्या सुमारे ४,२०० गाड्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विजेवरच्या होत्या, आणि पेट्रोलवरच्या त्यांच्यापेक्षा कमी! आपल्याला वाटतं विजेची गाडी आत्ता आली. ती परत आलीय.

त्या गाड्यांचं दुखणं एकच, बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचं वजन फार, आणि ॲसिडमुळे प्लेटा खराब व्हायच्या. एडिसनने ठरवलं की ॲसिडच नको. अल्कली घ्यायची, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि प्लेटा अशा धातूंच्या की ज्या त्यात विरघळणार नाहीत. १८९९ पासून त्याची माणसं एकामागून एक पदार्थ तपासत बसली. प्रयोगांची संख्या हजारांत गेली. शेवटी जोडी जमली ती निकेल आणि लोखंडाची. १९०१ साली त्याने एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी काढली, पेपरात मोठमोठ्या बातम्या आल्या, आणि १९०३-०४ च्या सुमारास बॅटरी बाजारात आली.

आणि बिघडली. डबे गळायला लागले. काहींची साठवण काही महिन्यांतच उतरली. मोठी भानगड अशी की सगळ्याच बॅटऱ्या खराब नव्हत्या. काही छान चालत होत्या. मागणी होती, ऑर्डरी पडून होत्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता चालू द्या, तक्रार येईल त्याला बदलून देऊ. एडिसनने उत्पादन थांबवलं. विकलेला माल परत घेतला. आणि कारखाना बंद ठेवून परत प्रयोगाच्या टेबलाशी जाऊन बसला, पाचेक वर्षं.

मला या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग हाच वाटतो. एसी-डीसीच्या भांडणात आकडे त्याच्या विरुद्ध होते आणि त्याने आकड्यांशीच भांडण केलं. बॅटरीच्या वेळी आकडे परत त्याच्या विरुद्ध गेले आणि या वेळी त्याने ऐकलं. माणूस तोच. मधल्या बारा-पंधरा वर्षांत तो हरायला शिकला होता, असं मला वाटतं. आपल्याकडे व्हायव्हाच्या आदल्या रात्री रीडिंग जुळवणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे जरा वाचावं.

दोष कुठे होता? निकेलचं संयुग वीज नीट वाहत नाही म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलं होतं. चार्ज-डिस्चार्ज होताना ते टिकायचं नाही. मग त्याने ग्रॅफाइट काढलं आणि त्या जागी शुद्ध निकेलचे अतिशय पातळ तुकडे वापरले. हे तुकडे करायची युक्ती भारी आहे. तांबं आणि निकेल यांचे एकावर एक असे पापुद्रे विजेने चढवायचे आणि नंतर तांबं विरघळवून टाकायचं. उरतो निकेलचा पापुद्रा. हे पापुद्रे आणि निकेल हायड्रॉक्साइड यांचे थर भोकं पाडलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरायचे. शिवाय द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातल्यावर बॅटरी जास्त साठवते, हेही त्याला सापडलं. म्हणजे लिथियमला बॅटरीच्या डब्यात शंभर वर्षांपूर्वी याने नेलं होतं, जरी आजच्या लिथियम-आयन बॅटरीचं काम अगदी वेगळं असलं तरी.

टेस्टिंग कसं? बॅटऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकायच्या आणि चालतायत का बघायचं. गाड्यांना लावून मुद्दाम खराब रस्त्यांवर पळवायच्या. आपल्या पामबीच रोडपेक्षा एपीएमसीच्या आतले रस्ते त्याला जास्त आवडले असते.

१९०९ साली नवी बॅटरी बाजारात आली आणि ती खरंच टिकाऊ निघाली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक, बेकर अशा गाड्यांना ती मिळायला लागली. वेस्ट ऑरेंजमधल्या ग्लेनमाँट या एडिसनच्या घरी काँक्रीटचं गॅरेज होतं आणि तिथे विजेची गाडी चार्ज करायची सोय होती. घरी गाडी चार्ज करणं म्हणजे इतकं जुनं आहे.

त्याहून मजा पुढे आहे. १९१२ साली एडिसनने वेस्ट ऑरेंजमध्ये एक घर तयार करून लोकांना दाखवलं. त्या घराला बाहेरून वीज नव्हती. पेट्रोलवरचं एक छोटं इंजिन डायनॅमो फिरवायचं, तळघरात २७ सेलची बॅटरी भरून ठेवायचं, आणि त्यावर दिवे, कपडे धुण्याचं यंत्र, शेगडी सगळं चालायचं. इंजिन दिवसभर चालवायची गरज नाही. थोडा वेळ चालवा, साठवा, हवं तेव्हा वापरा. इंजिनाच्या जागी पवनचक्की लावावी असं त्याच्या मनात होतं. म्हणजे आज मामाकडे जे आहे, त्यातली पॅनल्स सोडून सगळं!

पॅनल्स का नव्हती? सूर्यापासून शक्ती घ्यायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. आपल्या मुंबईत, कुलाब्याला, १८७८ च्या आसपास विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकत्र करून बॉयलर तापवला होता आणि त्याच्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवलं होतं. त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सने १८८३ साली सेलेनियमचा सौर सेल केला, पण त्यातून वीज अगदी नावापुरती निघायची. कामाचा सिलिकॉन सेल बेल लॅबने दाखवला तो १९५४ साली, आणि तोही उन्हातला सहा टक्केच भाग विजेत बदलणारा. एडिसनकडे साठवायला डबा होता, भरायला ऊन नव्हतं. भर उन्हात मका खुरपायला कंटाळणाऱ्या मुलाला म्हातारपणी मात्र ऊन आठवायचं. अखेरच्या वर्षात फोर्ड आणि फायरस्टोन यांच्याशी बोलताना त्याने कोळसा आणि तेल संपायची वाट न बघता सूर्यावर पैसे लावावेत असं म्हटलं होतं, अशी आठवण त्यांच्या जेम्स न्यूटन या तरुण मित्राने पुढे लिहून ठेवलीय.

फोर्डचं नाव निघालं म्हणून. हेन्री फोर्ड आधी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत नोकरीला होता. १८९६ साली कंपनीच्या एका संमेलनात तो एडिसनला भेटला आणि आपल्या पेट्रोल गाडीबद्दल सांगितलं. एडिसनने त्याची पाठ थोपटली. गाडीत स्वतःची शक्ती स्वतः वाहून नेणं त्याला पटलं होतं. बारा वर्षांनी, १९०८ साली, त्याच फोर्डची मॉडेल टी आली. एडिसनची बॅटरी तयार व्हायला १९०९ उजाडलं. एका वर्षाने चुकलं, असं नाही म्हणता येणार. पेट्रोल गाडीची किंमतच भराभर खाली येत गेली. मग १९१२ साली कॅडिलॅक गाडीला सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट गेली, आणि विजेच्या गाडीचा एक मोठा फायदाही गेला. गंमत म्हणजे तो स्टार्टर चालायचा लेड-ॲसिड बॅटरीवर, जिच्याशी एडिसनचं वाकडं होतं!

१९१४ च्या सुरुवातीला फोर्ड आणि एडिसन यांनी मिळून स्वस्तातली विजेची गाडी काढायचं जाहीर केलं. नमुन्याच्या गाड्या झाल्या. पण निकेल-लोखंडाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, एकदम मोठा करंट मागितला की ती कचरायची. प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि बऱ्याच इमारती जळाल्या. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने दुसऱ्या दिवसापासून परत बांधायला घेतलं. १९१६ च्या जानेवारीत याच बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनमुळे अमेरिकेच्या ई-२ पाणबुडीत स्फोट झाला आणि माणसं गेली. बॅटरी टिकाऊ होती, पण चार्ज होताना गॅस सोडायची आणि हवा खेळती नसली तर काय होतं ते तेव्हा कळलं. हेही झाकून ठेवायचं कारण नाही.

मग बॅटरीची दहा वर्षं फुकट गेली का? नाही. गाड्यांची शर्यत हरली, पण रेल्वेच्या डब्यातले दिवे, सिग्नल, खाणीतली इंजिनं, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, माल पोचवणारे ट्रक, सगळीकडे ती गेली. एडिसनच्या उतारवयातला हाच सर्वांत चांगला चाललेला धंदा ठरला आणि त्याच्यामागे ती बॅटरी अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत तयार होत होती. १८ ऑक्टोबर १९३१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ग्लेनमाँटमध्येच तो गेला. नावावर अमेरिकेची १,०९३ पेटंट.

आता मामाच्या प्रश्नाकडे. मला उत्तर सापडलं ते असं.

तीन किलोवॅटची पॅनल्स चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट देतात. मामाची गाडी मार्केटला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर चालते, म्हणजे सात-आठ युनिट. बाकी नोकरदार माणसाची पंचाईत अशी की ऊन असतं तेव्हा गाडी ऑफिसला आणि गाडी घरी येते तेव्हा ऊन नाही. त्याला साठवण लागते. मामा मध्यरात्री निघतो आणि अकराला घरी असतो! ऊन चढायला आणि गाडी दाराशी लागायला एकच गाठ. अकरा ते चारमध्ये घरातला पंखा-एसी जाऊन पाच-सहा युनिट तरी उरतात. ते सरळ गाडीत घालायचे. गाडी हीच बॅटरी. वेगळी घ्यायची गरज नाही.

एक अडचण मात्र आहे. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावलं की गाडी तीन किलोवॅटच्या आसपास ओढते, आणि पॅनल्स दुपारी बारालासुद्धा पूर्ण तीन देत नाहीत. वरची वीज ग्रीडमधून येते. म्हणून करंट कमी-जास्त करता येणारा चार्जर पाहिजे, जो घरचा वापर वजा करून जेवढं उरेल तेवढंच गाडीला देईल. त्याची खालची मर्यादा सहा अँपिअर, म्हणजे साधारण १.४ किलोवॅट. ढग आले आणि उरलेली वीज त्याच्या खाली गेली की थांबायचं किंवा थोडी ग्रीडची घ्यायची. पावसाळ्यात हे बरेचदा होणार. तेव्हा ग्रीड आहेच. नेट मीटरमुळे जादा युनिट बाहेर जातात आणि रात्री घेतलेल्या युनिटमधून वजा होतात, त्यामुळे मामाचं आजही फार नुकसान होत नव्हतं. पण गच्च्या वाढतायत, दुपारी सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतोय, आणि घाऊक विजेच्या बाजारात दुपारचा भाव संध्याकाळपेक्षा बरेचदा खाली असतो. हे मामाला मला समजवावं लागलं नाही. ते त्याला कोथिंबिरीने आधीच शिकवलंय.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. पॅनलमधून निघते ती डीसी. इन्व्हर्टर तिची एसी करतो. गाडीतला चार्जर परत तिची डीसी करून बॅटरीत भरतो. म्हणजे दोन टोकांना एडिसन आणि मध्ये टेस्ला. दोघांचं भांडण मामाच्या दारात मिटलंय.

मामाने बॅटरी घेतली नाही. चार्जर बदलला. त्याच्या वाचलेल्या पैशातून मला काही मिळालं नाही, पण गेल्या महिन्यात मी परत मार्केटला गेले होते. नऊ वाजता परत एक ढीग उरला होता, मेथीचा. गाळ्यांवरची ती लांबच लांब छपरं कोवळ्या उन्हात तापायला लागली होती, आणि खाली बाजार आवरत आला होता. मेथी बघून मला वाटलं, विजेला जागा मिळायला एक माणूस दहा वर्षं बसला, कारखाना बंद ठेवून बसला. मेथीसाठी अजून कुणी तेवढं बसलेलं नाही. आपल्यापैकी कुणाला बसायचं असेल तर मामाचा गाळा दाखवायला मी घेऊन जाईन. फक्त पहाटे साडेतीनला उठावं लागेल.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी